राहीबाईची तार

उमाला फक्त सही करायची होती. एक सही आणि खाली तारीख. पण सकाळपासून पेनचं टोपण काढून-लावून ते बिचारं टोपणच सैल पडायच्या बेताला आलं होतं, आणि सहीची जागा अजून कोरीच होती.

मुंबईहून रजिस्टरनं आलेला गठ्ठा तिनं सांगलीच्या घरातल्या जमिनीवर पसरला होता. हातभर रुंद कागद, त्यावर एकाआड एक फिकट हिरवे पट्टे, दोन्ही कडांना भोकांची रांग. पोस्टमन तो घेऊन आला तेव्हा शेजारच्या मनुबाई कमरेवर हात ठेवून बघत होत्या. "एवढी मोठी कुणाची पत्रिका गं?" त्यांनी विचारलं होतं. सव्वीस वर्षांच्या बिनलग्नाच्या मुलीकडे दुसरं काय येणार, असा त्यांचा सरळ हिशेब.

उमा मुंबईत एका संस्थेत संगणकाचं काम करत होती; सध्या रजेवर घरी आली होती. एकोणऐंशी साल सरत आलं होतं. संस्थेचा एक संगणक मुंबईत, दुसरा पुण्यात, आणि दोघांमध्ये टेलिफोनची तार टाकून ते एकमेकांना निरोप पाठवू शकतील का, असा खटाटोप दोन वर्षं चालला होता. निरोप पाठवायचे कसे, घ्यायचे कसे, हे सगळं 'सी' नावाच्या नव्या भाषेत एकदाच लिहून ठेवलेलं होतं. ज्याला लागेल त्यानं ते आपल्या प्रोग्रॅमला जोडून घ्यायचं. त्याला ते लोक लायब्ररी म्हणत. त्या लायब्ररीत कुणी अक्षर जरी बदललं, तरी दुसऱ्यानं ते ओळीनं वाचून सही करायची, मगच बदल यंत्रात जायचा, असा तिथला नियम होता.

या खेपेला बदल गोपाळकृष्णाचा होता. उमाच्या शेजारच्या टेबलावरचा, हुशार, आणि आपण हुशार आहोत हे कुणाला विसरू न देणारा. त्यानं एकच ओळ सहा ओळी वर सरकवली होती. बस्स.

आधी कसं होतं, की पलीकडून निरोप आला म्हणजे तो पहिल्यांदा जागेवर नीट ठेवायचा, आणि मग पलीकडे पोच द्यायची, 'मिळाला' म्हणून. पोच मिळाली की पलीकडचा संगणक आपल्याजवळची नक्कल पुसून मोकळा होई. गोपाळकृष्णानं पोच वर घेतली. निरोप आला, की लगेच पोच, ठेवणं मागाहून. एवढ्यानं चाचणीत सगळा कारभार जवळजवळ दुप्पट वेगानं पळू लागला होता. मंगळवारी दिल्लीचे साहेब बघायला येणार होते, आणि आज पाचच्या टपालानं उमाची सही गेली, तरच ते त्यांना दाखवता येणार होतं.

मध्ये एक लहानशी अट होती. निरोप ठेवायला चाळीस जागा. त्या सगळ्या भरलेल्या असतील, तर आलेला निरोप टाकून द्यायचा. उमाचं बोट पुन्हापुन्हा तिथंच अडत होतं. पोच तर देऊन बसलो, आणि ठेवायला जागाच नसली तर? पण गोपाळकृष्णानं सोबतच्या चिठ्ठीत आधीच लिहून ठेवलं होतं, 'चाळीस जागा कधीच भरत नाहीत. आठवडाभर चालवून पाहिलं. डोळे झाकून सही कर.' सही केली नाही, तर ऑफिसात काय बोललं जाईल हे तिला पाठ होतं. बायका फार भितात. आणि त्यांना उत्तर द्यायला तिच्याजवळ होतं काय? न घडलेल्या गोष्टीचं भय. तेवढंच.

तेवढ्यात मागून आवाज सुरू झाला.

नाना, म्हणजे उमाचे वडील नारायणराव, दुपारचे आरामखुर्चीत पडले होते. एकतीस वर्षं तारमास्तर म्हणून काढलेला माणूस. खटाव तालुक्यातल्या एका आडगावी त्यांची शेवटची मोठी बदली झाली होती, मग निवृत्ती, मग सांगली. यंदाच्या उन्हाळ्यात आई गेली आणि ते अगदीच अबोल झाले. दुपारी जेवण झालं की उजव्या हातात अडकित्ता घेऊन डोळे मिटायचे. त्यात सुपारी नसायची. नुसता अडकित्ता उघडायचा, मिटायचा. कधी झटकन, कधी अंमळ दाबून धरून. कट्, कट्, कड्ड. कट्.

रजेवर येऊन आठ दिवस झाले होते, आणि आठही दिवस उमा तो आवाज ऐकत होती. म्हाताऱ्या माणसाची सवय, असं म्हणून तिनं सोडून दिलं होतं. पण आज कागदावरून मन उडालेलं. ती ऐकत बसली, आणि ऐकता ऐकता तिनं मान वर केली. हा आवाज उगीच नव्हता. ठरावीक ठिकाणी थांबत होता, आणि फिरून तोच येत होता.

ती आठ वर्षांची असताना नानांनीच तिला तारेची लिपी शिकवली होती. आखूड ठोका, लांब ठोका. पावसाळ्यात शाळेला सुटी पडली की बापलेक जेवणाच्या ताटावर वाटी वाजवून एकमेकांना 'मीठ दे' सांगत, आणि आई वैतागायची. उमानं पेनचं टोपण काढलं आणि हिरव्या पट्ट्यावर, गोपाळकृष्णाच्या ओळींच्या बाजूला, ठिपके आणि रेघा मांडायला सुरुवात केली. पहिल्या फेरीत काही जमलं नाही. दुसऱ्या फेरीत एक नाव उमटलं.

आकाराम.

तिनं नानांकडे पाहिलं. डोळे मिटलेले, छाती संथ वरखाली होत होती. झोप लागली होती त्यांना. हात मात्र जागा होता. वखारींतल्या हळदीचा वास खिडकीतून येत होता, बाहेर रस्त्यावर रिक्षा फटफटत होत्या, लख्ख दुपार होती, आणि तरी उमाला त्या खोलीत बसवेना. कुणी तिसरंच माणूस आपल्या बापाच्या हातातून बोलतंय असं तिला वाटलं. तिसऱ्या फेरीत उरलेले शब्द आले. तार इंग्रजीत होती, सगळ्या तारा असत तशी. आकाराम गंभीर. ताबडतोब या. सिद्धू.

आणि प्रत्येक फेरीच्या शेवटी एक आखूड, एक लांब, एक आखूड. तारेच्या भाषेतली पोच. मिळाली. मग क्षणभर थांबून पुन्हा पहिल्यापासून, आकाराम गंभीर.

"नाना," तिनं हाक मारली. "नाना, उठा."

नाना दचकून उठले. अडकित्ता खाली पडला.

"आकाराम कोण?"

नानांनी तिच्याकडे पाहिलं, मग कागदावरच्या ठिपक्यांकडे. त्यांचा चेहरा उतरला. मग मुलानं चोरी लपवायला भलतंच काही विचारावं तसं म्हणाले, "हे काय पसरलंयस सकाळपासून?"

उमानंही जोर केला नाही. जमिनीवर बसूनच तिनं त्यांना समजावून सांगितलं. मुंबई, पुणे, निरोप, पोच. नानांना संगणक ठाऊक नव्हता, पण हे सांगायला तिला दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. ते चष्मा लावून खाली वाकले होते.

"पोच ही इथं होती," उमा म्हणाली, "आता इथं वर आलीय."

"निरोप लिहून घ्यायच्या आधी?"

"हो. वेळ वाचतो म्हणून."

"वाचतो," नाना म्हणाले. "चांगला वाचतो. आणि जागा भरल्या असल्या तर?"

"चाळीस आहेत. कधी भरत नाहीत म्हणे."

नाना हसले. उमाला ते हसू मुळीच आवडलं नाही.

"माझ्याही कधी भरल्या नव्हत्या. एकतीस वर्षांत, एक दिवस सोडला तर."

मग ते बोलायला लागले. इतकी वर्षं कुलूप लावून ठेवलेलं ते एकदम नाही उघडलं. कुरकुरत, अडत उघडलं.

तारेचा नियम साधा होता. यंत्र कडकडत असताना ऐकायचं, शब्द न् शब्द कागदावर घ्यायचा, पुरा झाला की पोच द्यायची. पण जुने मुरलेले मास्तर हातानं लिहीत एक शब्द आणि कानानं पुढचे पाच ऐकत. नाना त्यांच्याही पुढचे. अख्खीच्या अख्खी तार डोक्यात धरून ठेवायचे, समोरच्याला लगेच पोच देऊन लाईन मोकळी करायचे आणि मग सावकाश सुवाच्य अक्षरात उतरवून काढायचे. साताऱ्यापर्यंत त्यांचं नाव होतं. 'नारायणरावांना लाईन द्या, थांबावं लागत नाही,' असं पलीकडचे म्हणत. आणि नानांना, खोटं कशाला बोला, ते ऐकायला गोड वाटे.

"एकाहत्तरचा डिसेंबर," नाना म्हणाले. "लढाई. आपल्याकडं घराआड एक शिपाई, तुला माहीतच आहे. यंत्राला उसंत नव्हती. दुपारी पुण्याहून एक तार आली, लष्करी दवाखान्यातून. मी ऐकली, डोक्यात घेतली, पोच दिली. लेखणी उचलली, तेवढ्यात सरकारी तार सुरू झाली. ती संपायच्या आत दुसरी. मग तिसरी. संध्याकाळपर्यंत मान वर केली नाही बघ मी. शाबासकी मिळाली मला त्या दिवसाची."

"आणि पहिली?"

"उतरलीच नाही. विसरलो असंसुद्धा वाटलं नाही मला. जागाच नव्हती तिला." नानांनी कपाळावर हात ठेवला. "तिसऱ्या दिवशी दुसरी तार आली. आकाराम गेल्याची. ती लिहून घेताना नाव आलं, आणि पहिली आतून वर आली. जशीच्या तशी. तेव्हापासून आहे ती इथं."

आकाराम राहीबाईचा एकुलता एक. गावापासून चार मैलांवर तिची वस्ती. दुसरी तार घेऊन नाना स्वतः सायकलीवर गेले. तार वाचून दाखवल्यावर ती रडली नाही. तिनं एवढंच विचारलं, याच्या आधी काही आलं होतं का? नाना म्हणाले, नाही. वाटेत ठरवलं होतं की खरं सांगायचं. तोंडातून नाही आलं.

महिन्यानं तिच्या भावाचा मुलगा सिद्धू परतला. आकारामच्याच पलटणीतला, त्याच्या शेजारच्या खाटेवर पडलेला, हात प्लास्टरात. त्यानं सांगितलं, की आत्ती, मी तार केली होती. आकाराम तीन दिवस शुद्धीत होता, दाराकडे बघत होता. पुण्याला यायला एक दिवस पुरे. तू का आली नाहीस? राहीबाई चार माणसं घेऊन तारऑफिसात आली. नानांनी वही उघडून दाखवली. त्या तारखेला तिच्या नावाची तार नव्हती. असणार कुठून? लिहिलीच नव्हती. वही खोटं बोलत नाही म्हणून माणसं परतली, आणि गावानं ठरवलं, की सिद्धूनं तार केलीच नाही, आणि वर खोटं बोलतोय.

"पुण्याला कुणी विचारलं असतं, तर माझी पोच तिथं लिहिलेली होती," नाना म्हणाले. "कुणी विचारलं नाही. मास्तरांवर विश्वास होता सगळ्यांचा."

उमाला बापाची कीव आली आणि रागही आला. राग जरा जास्तच. मग एकदम तिच्या ध्यानात आलं. दर वर्षी मार्गशीर्षात कुणी राहीबाई मटकीचं गाठोडं घेऊन नानांना भेटायला येते, हे आईच्या पत्रांत असायचं. 'नानांवर गावच्या लोकांचा किती जीव,' असं आई लिहायची.

"ती का येते, नाना?"

"विचारायला. दर वर्षी एकदाच विचारते. मी नाही म्हणतो. चहा पिते, जाते." नानांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे नजर टाकली आणि लगेच काढून घेतली. "त्याच तिथीला येते. आज यायची ती."

उमानं पेन उचललं. गोपाळकृष्णाच्या चिठ्ठीखाली तिनं लिहिलं, 'निरोप जागेवर ठेवल्याखेरीज पोच देऊ नये. जागा भरल्या की निरोप आपणही टाकणार आणि पलीकडचाही पुसून बसणार. मग तो कुणाजवळच उरत नाही. ओळ होती तिथं परत न्यावी. सही करत नाही.' लिहिताना हात अडखळला नाही.

"मी नाही म्हटलं," ती म्हणाली. "आता तुम्ही तिला काय सांगणार?"

खाली पडलेला अडकित्ता नानांनी उचलला नाही.

तीनच्या सुमाराला दार वाजलं. राहीबाई उंच, वाळकी, काष्ट्याचं लुगडं नेसलेली बाई होती. पायांवर धूळ, काखेत गाठोडं. उंबऱ्याशी वहाणा काढून ती आत आली आणि खाली बसली. उमानं पाण्याचा तांब्या पुढं केला.

"मालकीणबाई गेल्या म्हनं," ती नानांना म्हणाली. "लय वंगाळ झालं. ही लेक व्हय?"

"हो," नाना म्हणाले.

गाठोडं तिनं उमाकडे सरकवलं. "मटकी हाय, बाय. औंदा दानं बारीक हायती." मग पाणी प्याली, तोंड पुसलं, आणि आठ वर्षं विचारत आली तसंच, तक्रार नाही की जोर नाही, विचारलं, "आवं मास्तर, आकारामाच्या त्या तारंआदी एक तार आली हुती का वो?"

नानांचा उजवा हात अडकित्ता शोधत खुर्चीच्या दांडीवर फिरला. उमा त्यांच्याकडे बघत नव्हती. बघितलं तर ते पुन्हा नाही म्हणतील, असं तिला भय वाटलं.

"आली होती," नाना म्हणाले.

राहीबाईनं हातातला तांब्या खाली ठेवला.

"मीच घेतली. पोच दिली आणि लिहायची राहिली. सिद्धूनं तार केली होती, राहीबाई. तो खरं बोलत होता. मी खोटं बोललो. पहिल्यांदा घाबरून, आणि नंतर दर वर्षी." नाना पुढं वाकले. "मला क्षमा—"

"थांबा," राहीबाई म्हणाली. ती अगदी हळू बोलत होती. "तुमी येकदा न्हाई म्हनला, मी सिद्धूला उंबरा वलांडू दिला न्हाई. त्याच्या लग्नाला गेले न्हाई. त्याची दोन ल्येकरं माज्या दारावरनं शाळंत जात्यात, मी त्यास्नी हाक मारली न्हाई. पन माज्या मनाला पटत नव्हतं. म्हनून येत हुते मी. तुमाला काय वाटलं, मटकी द्याया?"

तिनं हात पुढं केला.

"तार कुटं हाय?"

"तार?"

"माजी तार. माज्या नावाची हुती न्हवं? मग द्या की."

नानांनी उमाकडे पाहिलं. उमानं गठ्ठ्यातलं शेवटचं कोरं पान फाडलं आणि पेनासकट त्यांच्या मांडीवर ठेवलं. पेन टेकताच म्हाताऱ्याचा हात सराईतासारखा चालू लागला. त्याच सुवाच्य अक्षरात, ज्याचं साताऱ्यापर्यंत नाव होतं, त्यांनी तार उतरवून काढली. वर तारीख एकाहत्तरची घातली, दुपारची वेळ घातली. एकही शब्द आठवावा लागला नाही त्यांना. लिहून झाल्यावर कागद त्यांनी दोन्ही हातांनी पुढं केला.

राहीबाईनं तो घेतला, उलटसुलट करून पाहिला आणि उमाकडे दिला. "वाच, बाय. आपल्या बोलीत."

उमानं वाचलं. "राहीबाई यांस. आकाराम गंभीर. ताबडतोब या. सिद्धू."

शेवटचं अक्षर तिच्या तोंडातून निघतं न निघतं तोच राहीबाई उठली. ताडकन उठली. पदर खोचला, तांब्या बाजूला सारला, आणि दोन ढांगांत दारापाशी जाऊन वहाणांत पाय घातले. एक वहाण उलटी पडली होती ती पायानंच सरळ केली. "पुण्याची गाडी—" ती म्हणाली, आणि उंबऱ्यावर थांबली.

तिचा हात चौकटीवर होता. पाठ त्यांच्याकडे होती. बाहेर लख्ख ऊन पडलं होतं आणि समोर मनुबाई वाळवण उचलत होत्या. राहीबाई किती वेळ तशी उभी होती, ते उमाला नंतर कधीच सांगता आलं नाही. नाना खुर्चीतून अर्धे उठले होते. उमाला उघड रडू कोसळलं. तिनं ते आवरलं नाही.

"विट्याची कवा हाय, बाय?" अखेर राहीबाईनं विचारलं. "तिथनं वडूजची गावंल मला. आदी सिद्धूच्या दारात जाते."

"साडेतीनला आहे," उमा म्हणाली. "चला, मी येते स्टँडवर."

राहीबाईनं मागं वळून नानांकडे पाहिलं. "क्षमा माज्याजवळ मागू नगा, मास्तर. माज्याजवळ न्हाई ती. सिद्धूकडं या. या म्हंजे याच." तिनं तारेची चारपदरी घडी केली आणि चोळीत घातली.

उमानं डोळे पुसले, हिरव्या पट्ट्यांचे कागद पाकिटात भरले, वर पत्ता घातला. वाटेत पोस्ट होतंच. दारातून निघताना तिनं कान दिला. आत अडकित्ता वाजत नव्हता. नाना खुंटीवरची पिशवी काढून तिच्यात धोतर कोंबत होते.